रस्त्यापासून पलंगापर्यंत

लिफ्ट होती. बुकिंगच्या पानावर ‘लिफ्ट आहे’ असं लिहिलेलं होतं आणि ते खरं होतं. फक्त ती पहिल्या मजल्यावरून सुरू व्हायची, आणि रस्त्यावरच्या दारापासून पहिल्या मजल्यापर्यंत 38 दगडी पायऱ्या होत्या. त्या मी मोजल्या तेव्हा आमच्या बॅगा खाली बोळात उभ्या होत्या आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सहाव्या पायरीवर भिंतीला हात टेकून थांबल्या होत्या.

ही गोष्ट 2023च्या जूनमधली, फ्लॉरेन्सची. आई तेव्हा 73 वर्षांच्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. मायकेलअँजेलोचा डेव्हिड त्यांनी किती वर्गांना फळ्यावर काढून दाखवला असेल, त्याची गणती नाही. त्या तो काढायच्या एका जुन्या पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून. इटलीला जायचं ठरलं ते त्यांच्यासाठीच. निघण्यापूर्वी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी अगदी स्पष्ट सांगितलं होतं, ‘सपाटीवर हवं तेवढं चाला, जिने मात्र टाळा.’ हे वाक्य माझ्यासमोर बोललं गेलं होतं. तरी हॉटेल निवडताना ते माझ्या मनात नव्हतं, आणि त्याची किंमत मी नाही, आईंनी मोजली. म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडून आता कितीतरी कुटुंबं आई-वडिलांना घेऊन युरोपला जातात. त्यांच्यातल्या कुणाच्या तरी हे उपयोगी पडावं.

आधी बुकिंग कसं झालं ते सांगते, कारण चूक तिथेच झाली. शेंगेन व्हिसाच्या फाइलला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद जोडावा लागतो. मुंबईची अपॉइंटमेंट चार दिवसांवर आली होती. दिवसभराचं ऑफिस आटोपून रात्री अकराला मी लॅपटॉप उघडला आणि तीन शहरांची हॉटेलं दीड तासात उरकली. फ्लॉरेन्ससाठी मी दोनच गोष्टी पाहिल्या. शहराच्या जुन्या गाभ्यात हवं आणि लोकांनी बरं म्हटलेलं हवं. एका हॉटेलच्या खिडकीचा फोटो होता. खिडकीत डुओमोचा, म्हणजे तिथल्या मुख्य चर्चचा, अख्खा घुमट मावलेला. ‘डुओमोपासून 150 मीटर’ असं खाली लिहिलेलं. नवरा म्हणाला, “लिफ्ट आहे ना?” मी पाहिलं, खूण होती. “आहे.” “मग करून टाक.” एका ठरावीक तारखेपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येत होतं, म्हणून व्हिसा आल्यावर निवांत पुन्हा बघू, असं मी ठरवलं. व्हिसा आला, पण तोवर ती तारीख उलटून गेली होती.

व्हिसासाठी घाईत केलेलं बुकिंग हेच शेवटचं बुकिंग होऊन बसतं, हे मी नंतर अनेकांकडून ऐकलं. तेव्हा फाइल तयार झाली की त्याच दिवशी, प्रत्येक हॉटेलची रद्द करण्याची शेवटची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहा, आणि तिच्या आठ दिवस आधी एक संध्याकाळ फक्त हॉटेलांसाठी राखून ठेवा.

रोमहून गाडीने आम्ही सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवर उतरलो. तिथून डुओमो चालत दहा-बारा मिनिटं. आईंसाठी टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने थोड्याच वेळात गाडी कडेला घेतली आणि पुढे बोट दाखवलं. डुओमोचा परिसर 2009पासून पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला आहे, वाहनं तिथे दारापर्यंत जात नाहीत. म्हणजे जे ठिकाण नकाशावर सगळ्यांत मध्यवर्ती, नेमक्या तिथेच बॅगा सर्वांत जास्त ओढाव्या लागतात. दगडी लाद्यांच्या सांध्यांत बॅगेची चाकं अडकतात, पदपथ जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा असतो, आणि समोरून झेंडा धरलेल्या वाटाड्यामागे चाळीस माणसांचा गट येत असतो.

मग नंबर. आमच्या हाती असलेल्या नंबरावर चामड्याच्या पिशव्यांचं दुकान निघालं. आम्ही त्या दारापुढे उन्हात पंधरा मिनिटं उभे होतो. शेवटी दुकानातली बाई बाहेर आली आणि तिने भिंतीवरच्या आकड्याच्या रंगावर बोट ठेवलं. आकडा लाल होता. फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्याला नंबरांच्या दोन माळा असतात. दुकानं आणि खाणावळींचे नंबर लाल, राहत्या घरांचे काळे किंवा निळे. दोन्ही आपापल्या क्रमाने चालतात, त्यामुळे एकच आकडा एकाच रस्त्यावर दोनदा येतो आणि दोन दारांमध्ये चांगलं अंतर असू शकतं. पत्त्यात लाल नंबरापुढे इटालियन ‘रोस्सो’चं आद्याक्षर लावतात, ते नसेल तर काळा आकडा शोधायचा. फोनवरच्या नकाशाला हा भेद दर वेळी कळतोच असं नाही. आमचं दार खूप पुढे होतं. जुन्या वाड्याचा भव्य दरवाजा, बाजूला पितळी पट्टीवर पाच-सहा बटणं, त्यातलं एक आमच्या हॉटेलचं. या गावात हॉटेल म्हणजे अख्खी इमारत असेलच असं नाही. एका जुन्या हवेलीत पहिल्या मजल्यावर वकील, दुसऱ्यावर एखादं कुटुंब आणि तिसऱ्यावर दहा-बारा खोल्यांचं हॉटेल, असा संसार असतो.

स्वागतकक्षातला मुलगा धावत खाली आला. आईंकडे पाहून त्याचाच चेहरा उतरला. दोन मोठ्या बॅगा त्याने स्वतः वाहून नेल्या. आई कठड्याला धरून, एक पाय ठेवून दुसरा त्याच पायरीवर आणत चढल्या. मध्ये दोनदा थांबल्या. वर लिफ्टशी पोचल्यावर कळलं की तीत दोन माणसं अंग चोरून उभी राहतात, बॅग घेतली तर एक.

खोलीत गेल्यावर खिडकी उघडली तर समोर तो घुमट. फोटोत होता तसाच, किंबहुना जास्तच जवळ. कौलांचा लालसर रंग संध्याकाळच्या उन्हात पेटल्यासारखा दिसत होता. आई खुर्ची ओढून खिडकीशी बसल्या आणि कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. त्या खिडकीबद्दल मला आजही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी सव्वानऊची अकादेमियाची वेळ राखून ठेवलेली. डेव्हिड तिथे आहे. आई उठल्या तेव्हा उजवा गुडघा सुजलेला होता. मी बर्फ मागून आणला, शेकलं, पट्टा बांधला. साडेआठला त्या तयार होऊन दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. “अगं, तुम्ही जाऊन या. मी इथून घुमट बघते. एकदा उतरले तर परत चढायचं बळ नाही माझ्यात.” आम्ही कुणीच गेलो नाही. चार तिकिटं वाया गेली. त्याचं काही वाटलं नाही, पण त्या खिडकीशी बसून आमच्या लेकीला घुमटाची रेषा कशी पकडायची ते सांगत होत्या, ते ऐकताना मला भरून आलं. अख्खं शहर खाली होतं आणि 38 पायऱ्या मध्ये होत्या.

वास्तुरचनाकार ब्रुनेलेस्कीच्या त्या घुमटावर चढायला 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, हे प्रत्येक प्रवासपुस्तकात असतं. ज्याला झेपत नाही तो चढत नाही. हॉटेलचा जिना मात्र कुठल्याच पुस्तकात नसतो, आणि तो रोज चढावाच लागतो.

हे असं का, तेही समजून घेतलं पाहिजे, म्हणजे कुणावर विनाकारण राग धरला जात नाही. फ्लॉरेन्सचा जुना गाभा 1982पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथल्या हवेल्या पाच-सहाशे वर्षांपूर्वी बांधलेल्या. तळाशी दुकानं आणि कोठारं, त्यांच्यावर मालकाचा मुख्य मजला, त्याची छतं उंचच उंच. तळमजला आणि पहिला मजला यांच्यामध्ये कित्येकदा एक बुटका अर्धमजला असतो आणि तो मोजणीत धरत नाहीत. मजले ते आपल्यासारखेच मोजतात, तळमजला सोडून पहिला. त्यामुळे ‘पहिला मजला’ वाचून आपण वीस पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो आणि तिथे निघतात जवळपास दुप्पट. अशा इमारतीत लिफ्ट बसवायची तर वारशाची राखण करणाऱ्या सरकारी खात्याची परवानगी लागते. कमान, दगडी जिना, रंगवलेलं छत यांना धक्का लागता कामा नये. मग लिफ्ट जिथे बसते तिथे बसते. जिन्याच्या मधल्या पोकळीत, मागच्या चौकात, नाहीतर पहिल्या मजल्यापासून वर. त्या लोकांनी आपलं गाव जपलं म्हणून तर आपण ते पाहायला जातो. आपल्याकडे पेठांमधले वाडे पडताना पाहिलेल्या माणसाने त्यांना लिफ्टसाठी बोल लावू नये, असं मला मनापासून वाटतं. पण हे माहीत असणं आपलं काम आहे.

शनिवारी रात्री मी खिडकीशी बसून नवं हॉटेल शोधायला घेतलं. या वेळी उलट्या बाजूने. पाहण्याच्या ठिकाणापासून हॉटेल किती मीटरवर, हे मी पाहिलंच नाही. टॅक्सी जिथे थांबेल तिथपासून आईंच्या पलंगापर्यंत काय काय आहे, एवढंच पाहिलं. आमच्यात सर्वांत कमी चालणारं जे माणूस, त्याच्या पायांनी मी तो रस्ता मनात चालून पाहिला. सहा हॉटेलांना एकच मजकूर पाठवला, इंग्रजीत आणि फोनवरून भाषांतर करून इटालियनमध्येही. मजकुराचा मराठी अर्थ असा:

‘माझ्याबरोबर 73 वर्षांच्या बाई आहेत, त्यांना जिना चढता येत नाही. कृपया सांगा, रस्त्यावरच्या दारापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत? लिफ्ट तळमजल्यावरून सुरू होते का आणि आमच्या खोलीच्याच मजल्यावर थांबते का? तीत बॅगेसह किती माणसं मावतात? लिफ्टपासून खोलीपर्यंत आणि न्याहारीच्या जागेपर्यंत मध्ये पायऱ्या आहेत का? न्हाणीघरात शॉवर आहे की उंच काठाचा टब? टॅक्सी दारापासून किती अंतरावर थांबते?’

‘लिफ्ट आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ येतं. पायऱ्यांचा आकडा विचारला की समोरच्याला उठून मोजाव्या लागतात, आणि जो उठून मोजतो तो पुढेही आपली काळजी घेतो, हा माझा अनुभव आहे. सहांपैकी दोघांनी उत्तरच दिलं नाही. दोघांनी ‘सगळं सोयीचं आहे, काळजी नसावी’ असं गोड लिहिलं. ती मी बाद केली. एकाने प्रामाणिकपणे कळवलं की चौदा पायऱ्या आहेत, तुम्हाला जमणार नाही. सहाव्या हॉटेलातून सकाळी उत्तर आलं. ‘रस्त्यावरून आत येताना एक पायरी, साधारण 12 सेंटीमीटर. मी आत्ताच मोजली. लिफ्ट तळमजल्यावरून. न्याहारीच्या खोलीत जाताना दोन पायऱ्या आहेत, पण आम्ही न्याहारी वर आणून देऊ.’ हे हॉटेल सान मार्को चौकाच्या पलीकडे होतं. रविवारी दुपारी आम्ही तिथे गेलो. पहिल्या हॉटेलच्या उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत मिळाले नाहीत. अटच तशी होती आणि आम्ही ती मान्य केली होती.

सान मार्कोहून डुओमो चालत दहा मिनिटंसुद्धा नाही, हे तिथे राहिल्यावर कळलं. फ्लॉरेन्सचा जुना गाभा आपल्याला वाटतो त्याहून फार लहान आहे. 1865 ते 1871 या काळात हे शहर इटलीची राजधानी होतं. तेव्हा जुजेप्पे पोज्जी या वास्तुरचनाकाराच्या आराखड्यानुसार अर्नो नदीच्या उत्तरेकडचा जुना तट पाडून त्याच्या जागी रुंद रस्ते केले. ते नकाशावर कड्यासारखे दिसतात. त्या कड्याच्या आतलं ते जुनं गाव. कड्यावरच्या स्वातंत्र्य चौकातून, म्हणजे पियात्सा देल्ला लिबेर्ताहून डुओमोपर्यंत सावकाश चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. मग डुओमोच्या सावलीतच राहण्याचा अट्टहास कशाला? कड्याच्या जवळच्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारतींचे जिने रुंद, रस्ते रुंद, टॅक्सी दाराशी येते आणि भावही उतरतात.

आता मला कुणी विचारलं तर मी वयस्क माणसांसाठी सान मार्को आणि सांतीस्सिमा अनुन्झियाताचा भाग सांगते. सपाट आहे, डेव्हिड जवळ आहे, आणि 2025पासून विमानतळाची ट्रामही थेट सान मार्कोपर्यंत येते. एकच रात्र असेल, पहाटेची गाडी असेल, तर स्टेशनजवळचं घ्या; गजबज असते, पण बॅगा ओढण्याचा त्रास वाचतो. सांता क्रोचे आणि सांत आम्ब्रोज्यो तरुण मंडळींना आवडतील, पण तिथे रात्री उशिरापर्यंत जाग असते. नदीपल्याड सांतो स्पीरितो चौकाचंही तेच. सकाळी भाजीचे गाडे आणि म्हाताऱ्यांच्या गप्पा, रात्री मात्र चौकभर माणसं. तिथे राहायचं तर चौकावर नको, दोन गल्ल्या आत. टेकडीवरच्या जुन्या बंगल्यांतली हॉटेलं फोटोत सुंदर दिसतात. चढाचा विचार करूनच तिकडे वळा.

आवाज आणि उकाडा हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला आमंत्रण देतो. फ्लॉरेन्स टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात आहे. उन्हाळ्यात हवा कोंडते, जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या वर सहज जातो. आपण पुण्या-नाशिकची माणसं म्हणतो, आम्हाला उन्हाळ्याची काय भीती! पण आपल्याकडे डोक्यावर पंखा असतो. तिथे तो नसतो. एसी जुन्या इमारतीत कधी सगळ्या हॉटेलला मिळून एकच असतो, तो मालक चालू करेल तेव्हा चालू. मग आपण खिडकी उघडतो. खिडकीला जाळी नसते, डास येतात. आणि दगडी भिंतींच्या अरुंद गल्लीत खालची कुजबुजसुद्धा तिसऱ्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येते. पहिल्या हॉटेलात आम्ही रात्री दोन वाजता खाणावळीच्या रिकाम्या बाटल्या पिंपात ओततानाचा खळखळाट ऐकला, मग रस्ता झाडणारी गाडी, आणि सकाळी घंटा. घंटा मला गोड वाटल्या. पण गुडघ्याच्या ठणक्याने पहाटे कुठे आईंचा डोळा लागला होता.

म्हणून बुकिंग करताना ‘एसी खोलीतून लावता-बंद करता येतो का’ आणि ‘आतल्या चौकाकडची खोली मिळेल का’ हे दोन्ही एकदम विचारा. हवेल्यांना मध्ये चौक असतो, आपल्या वाड्यांना असतो तसाच. चौकाकडच्या खोलीला देखावा नसतो, झोप असते. दिवसभर आपण गाव पाहतोच. रात्री देखाव्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात वयस्क माणसांना काही लाभ नाही. हे मी घुमटाच्या खिडकीत दोन रात्री जागून म्हणते आहे.

लोकांचे अभिप्राय वाचण्याचीही एक रीत मला सापडली. एकूण गुण बाजूला ठेवा. आपण ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातले अभिप्राय आधी वाचा. फेब्रुवारीत राहिलेल्याला एसी कसा आहे ते काय ठाऊक? मग इटालियन लोकांनी लिहिलेले शोधा. ‘स्काले’ म्हणजे पायऱ्या, ‘अशेन्सोरे’ म्हणजे लिफ्ट, ‘रुमोरे’ म्हणजे आवाज, ‘काल्दो’ म्हणजे गरम. हे चार शब्द भाषांतर करणाऱ्या ॲपमध्ये रोमन लिपीत करून घ्या आणि अभिप्रायांमध्ये शोधा. आमच्या पहिल्या हॉटेलाबद्दल मी नंतर असं शोधलं, तर एका बाईने जिन्याबद्दल स्वच्छ लिहून ठेवलेलं होतं. मी तो मजकूर मार्चमध्ये, बुकिंग करताना वाचला असता, तर आमचा शनिवार वाचला असता.

हॉटेलऐवजी घर भाड्याने घेणाऱ्यांनी आणखी सावध राहावं. घरात स्वयंपाकघर मिळतं, मुगाची खिचडी टाकता येते, हे सुख मोठं आहे. पण बॅगा उचलायला धावत येणारा तो मुलगा तिथे नसतो. रात्री लिफ्ट बंद पडली तर उठवायचं कुणाला? जानेवारी 2025पासून इटलीत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक जागेला सरकारी ओळखक्रमांक लागतो आणि तो जाहिरातीत दाखवावा लागतो. क्रमांक दिसला नाही तर त्या घराच्या वाटेला जाऊ नका. हॉटेल असो की घर, पासपोर्ट मागतात त्याने दचकू नका. प्रत्येक पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं तिथे बंधनकारक आहे. शिवाय पालिकेचा मुक्काम-कर दर माणशी दर रात्री लागतो, तो बहुधा बुकिंगच्या रकमेत नसतो, निघताना वेगळा द्यावा लागतो. लहान मुलांना माफ असतो. चार माणसांचे चार रात्रींचे पैसे म्हणजे एका चांगल्या जेवणाएवढे होतात, ते आधीच धरून ठेवा.

गाडी भाड्याने घेऊन जाणार असाल तर एवढंच ऐका: जुन्या गावात गाडी नेऊ नका. ठरावीक वेळात परवानगीशिवाय वाहन आणण्यास तिथे बंदी असते, कॅमेरे नंबराची पाटी टिपतात, आणि दंडाचा कागद काही महिन्यांनी भारतातल्या पत्त्यावर येतो. आमच्या एका स्नेह्यांना एकाच संध्याकाळी हॉटेल शोधत तीन फेऱ्या मारल्याबद्दल तीन वेगळे दंड आले. हॉटेलवाले आपल्या गाडीचा नंबर अधिकाऱ्यांकडे नोंदवू शकतात, पण त्यासाठी तो आधी कळवावा लागतो. त्यापेक्षा गाडी बाहेरच्या वाहनतळावर ठेवून टॅक्सीने यावं.

दुसऱ्या गावांची कुलुपं वेगळी, किल्ली तीच. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, म्हणून तिथे विचारायचं ते असं: बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये पूल किती? ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठच्या घरांचे जिने इतके उभे आणि अरुंद की सामान वर न्यायला घरांच्या माथ्यावर आकडे लावलेले असतात. सामान जिथे जिन्याने जात नाही, तिथे आपल्या आईने का जावं? लिस्बनमध्ये नकाशावर जवळ दिसणारी दोन ठिकाणं एका टेकडीच्या पायथ्याशी आणि माथ्यावर असू शकतात.

आता पुन्हा आमच्या फ्लॉरेन्सकडे. सोमवारी अकादेमिया बंद असते. मंगळवारी दुपारी आमची पुढची गाडी होती, आणि जूनमध्ये ऐनवेळी तिकीट मिळणं अवघड. लेक सोमवारी संध्याकाळभर फोन घेऊन बसली होती. रात्री दहाच्या सुमारास कुणीतरी रद्द केलेली चार तिकिटं दिसली, सकाळी सव्वाआठची, दार उघडण्याच्या वेळेची. तिने घेतली. हॉटेलच्या बाईने न्याहारी सातला वर पाठवली.

सान मार्को चौकातून तो रस्ता पाच मिनिटांचा आणि पूर्ण सपाट. आई काठी न घेता चालल्या. आत लांब दालनाच्या टोकाला, वरून उजेड येतो तिथे, तो उभा. पाच मीटरहून उंच, 1501 ते 1504 या वर्षांत कोरलेला, 1873पासून अकादेमियात. गर्दी अजून आली नव्हती. आईंनी समोरून पाहिलं नाही. त्या सरळ त्याच्या उजव्या बाजूला गेल्या आणि मान वर करून थांबल्या. मी मागे उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी लेकीला हाताने जवळ बोलावलं.

“उजवा हात बघ त्याचा. किती मोठा कोरलाय,” त्या म्हणाल्या. “आणि मी तो फळ्यावर तीस वर्षं लहान काढत आले.”